विहिरीचे पाणी स्वयंपाकघरात येताना

ज्या घराची स्वतःची विहीर आहे, त्या घराच्या नळाचे पाणी दोन वेगळ्या वाटांनी बिघडते. एक वाट खडकातली. पाणी जमिनीत मुरताना वाटेतले क्षार विरघळवून घेते आणि जड, मचूळ किंवा सवळ होते. दुसरी वाट माणसाच्या वावराची. गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, शेतातले खत, गळकी पाइपलाइन, न धुतलेली टाकी यांतून जंतू आणि नायट्रेट पाण्यात शिरतात. पहिला बिघाड जिभेला लगेच कळतो, भांड्यावर दिसतो आणि साबण लावताना जाणवतो. दुसऱ्याला बहुधा चव नसते, वास नसतो, रंगही नसतो. घरोघरी पैसा खर्च होतो तो पहिल्या बिघाडावर आणि माणसे आजारी पडतात ती दुसऱ्याने. विहिरीच्या पाण्याची सुधारणा करताना हा फरक आधी पक्का करावा लागतो.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर आणि बोलण्यातला नगर जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा आहे. क्षेत्रफळाने राज्यात तो सर्वांत मोठा. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा पश्चिम भाग सोडला तर उरलेला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर, श्रीगोंदे या तालुक्यांत पाण्याचा भरवसा पूर्वापार विहिरीवर. गावात पिण्यासाठी आड, रानात शेतीसाठी विहीर अशी जुनी विभागणी होती. कुटुंबे मळ्यात, वस्तीवर राहायला गेली तशी ती पुसली गेली. आज एकाच विहिरीवरची एकच मोटर उसाला किंवा कांद्याला पाणी देते आणि घरावरची टाकीही भरते. पुढचे अनेक प्रश्न या एका मोटरीपासून सुरू होतात.

जिल्ह्याचा खडक लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे बेसाल्टचा. विहीर खोदताना वरची माती संपली की मुरूम लागतो, मग कुठे मांजऱ्या तर कुठे काळा पाषाण. काळ्या पाषाणात पाणी राहते ते फक्त भेगांत आणि सांध्यांत. मुरमात आणि भेगाळलेल्या मांजऱ्यात ते जास्त साठते, म्हणून विहिरीचे झरे बहुधा तिथेच फुटतात. या खडकातली खनिजे झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडतात, त्यामुळे नगरकडचे पाणी मुळातच जड असते. या रचनेचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. नदीकाठच्या वाळूतून झिरपणारे पाणी आपोआप गाळले जाते, पण खडकाच्या भेगेतून धावणारे पाणी गाळले जाईलच असे नाही. उकिरड्याखालून निघालेली भेग थेट विहिरीत उघडत असेल, तर मधल्या मातीचा काहीच उपयोग होत नाही.

प्रवरा खोऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत बारमाही पाणी आणले. ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, जिल्ह्याचे अर्थकारण पालटले. पण काळ्या भारी जमिनीत पाण्याचा निचरा होत नाही. जास्त पाणी दिलेल्या रानांत क्षार वर आले, जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या आणि त्या रानांतल्या विहिरींचे पाणीही खारवटले. संगमनेरच्या खालच्या बागायती पट्ट्यात भूजलातले क्षार आणि नायट्रेट वाढल्याचे भूशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा भूजलावर झालेला परिणाम १९९८ मध्ये शोधनिबंधातून प्रसिद्ध झाला. त्यामुळे या जिल्ह्यात कोरडवाहू माळावरची विहीर आणि कालव्याखालची विहीर यांना एकच उपाय चालत नाही.

काय तापदायक, काय घातक

जड पाण्याची खूण स्वयंपाकघरातच सापडते. डाळ तासभर शिजली तरी गळत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. साबणाला फेस येत नाही. कुकरच्या आत, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, यांच्या मर्यादा ५०० आणि २,००० आहेत. मात्र जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाणी भांडी, सरपण आणि साबण खाते. माणसाला सहसा अपाय करत नाही.

नायट्रेटचे तसे नाही. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि या आकड्यात मानकाने कसलीही सवलत दिलेली नाही. युरिया, शेणखत, गोठ्यातले मूत्र आणि शौचालयाचा झिरपा ही त्याची उगमस्थाने. संकरित गाईंचे गोठे जिथे घरोघरी आहेत त्या जिल्ह्यात हा धोका दाराशीच उभा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले दूध दिले, तर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामी कमी पडते आणि बाळाचे ओठ व नखे निळसर दिसू लागतात. इथे आईची खबरदारीच उलटी पडते. बाळासाठी म्हणून पाणी उकळले की वाफ निघून जाते, नायट्रेट मागेच राहते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते.

जंतूंचा नियम सगळ्यांत साधा: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नसावा. तो विष्ठेतून येतो. तो सापडला म्हणजे कॉलरा, विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांना वाट मोकळी आहे. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत हा धोका सर्वांत जास्त असतो. रानातली घाण वाहून विहिरीशी येते आणि पाणी गढूळ होते. मे महिन्यात दुसरी तऱ्हा. विहीर तळाला जाते, क्षार दाट होतात, गाळ उपसला जातो, आणि अनेक गावांत टँकरचे पाणी त्याच विहिरीत ओतून पुन्हा शेंदले जाते.

दोन बाटल्या

म्हणून कोणतेही यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून पिण्याच्या पाण्याची रासायनिक व जैविक तपासणी होते. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यांच्याकडून नायट्रेट, जडपणा, क्लोराइड यांचा निदान प्राथमिक अंदाज मिळतो. जंतूंसाठी एक सोपी बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर पाण्यात विष्ठेचे प्रदूषण असल्याचा संशय धरावा. ही एचटूएस चाचणी १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच पुढे आणली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते.

नमुना एक नव्हे, दोन घ्यावेत: एक थेट विहिरीतून, दुसरा स्वयंपाकघरातल्या नळातून. विहिरीत जंतू नाहीत आणि नळात आहेत, तर दोष टाकीत किंवा पाइपात आहे आणि विहिरीत कितीही औषध टाकले तरी तो जाणार नाही. दोन्हीकडे सापडले, तर काम विहिरीपासून सुरू करावे लागते. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरतात. जैविक तपासणीची बाटली प्रयोगशाळेनेच निर्जंतुक करून दिलेली असावी आणि ती विसळायची नसते. नळाची जाळी काढून, तोंड पुसून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि झाकणाच्या आत बोट न लावता बाटली भरावी. ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवावी. उन्हात फिरलेल्या बाटलीचा अहवाल खरा नसतो.

विहीर

पिण्याच्या विहिरीला वरचे सहा मीटर तरी सिमेंटचे पक्के बांधकाम हवे. वरच्या थरातले मैले पाणी बाजूने आत झिरपू नये, हा त्याचा हेतू. कठडा कमरेएवढा, सुमारे पाऊण मीटर असावा. भोवती मीटरभर रुंदीचा बाहेर उतरता ओटा, ओट्याला मोरी आणि वर जाळी हवी. शोषखड्डा, उकिरडा आणि गोठा किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावेत. पण १५ मीटरचा आकडा भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये निर्धास्त करणारा नाही. इथे जेवढे लांब नेता येईल तेवढे न्यावे.

विहिरीत उतरून पाणी भरण्याची जुनी पद्धत किती महाग पडली याचा दाखला नारूचा आहे. पायऱ्यांच्या बारवांत माणसे पाण्यात पाय घालत, जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात पडत आणि तेच पाणी गाव पीत असे. पायऱ्या बंद करून, पाणी फडक्याने गाळून आणि हातपंप बसवून हा रोग हटवला गेला. २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. विहिरीची बांधणी सुधारून एक अख्खा रोग देशातून घालवता आला, हे विसरण्यासारखे नाही.

मळ्यातल्या विहिरीला आणखी एक धोका आहे आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. ठिबकमधून युरिया सोडण्यासाठी व्हेंचुरी बसवलेली असते. वीज अचानक गेली की पाइपातले पाणी मागे ओढले जाते. मोटरीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा तो गळका असेल, तर खताचे द्रावण सरळ विहिरीत उतरते, आणि संध्याकाळी त्याच मोटरीने घरची टाकी भरली जाते. खताच्या जोडणीआधी चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि घराची लाइन त्याच्याही आधी वेगळी काढलेली, एवढे काम कुठलाही प्लंबर दुपारभरात करतो. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर भरू नये आणि तिथे धुऊही नये. ग्रामपंचायतीचा नळ आणि घरची विहीर एकाच पाइपाला जोडणे हाही असाच दोष. त्यातून एका घराची घाण सगळ्या गावाच्या नळात जाऊ शकते.

विहीर निर्जंतुक करण्याचे काम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर करते. मात्रा काढायला आधी पाणी मोजावे लागते. मीटरमधला व्यास त्याच व्यासाने गुणायचा, पुन्हा पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने; उत्तर लिटरमध्ये येते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते ७८,५०० लिटर भरते. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे या विहिरीला सुमारे २०० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना तळाला बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि वर-खाली हलवत विहिरीत मिसळावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने जड पाणी आणखी जड होते. तासाभराने पाण्याच्या नमुन्यात ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन, या द्रावणाचे थेंब टाकून पाहावे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर मात्रा कमी पडली किंवा पावडर शिळी होती. उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

रोज तासन् तास उपसल्या जाणाऱ्या शेतीच्या विहिरीत टीसीएल टाकणे मात्र वायाच जाते, कारण औषध उसाच्या सरीत वाहून जाते. तिथे घरची टाकी निर्जंतुक करावी. हजार लिटरच्या टाकीला लागणारी अडीच ग्रॅम पावडर चहाचा एक चमचाही भरत नाही. टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या पाइपाला जाळी असावी. टाकी दर तीन महिन्यांनी आणि पावसाळ्याच्या तोंडावर घासून धुवावी. इतके केले तर बहुतेक घरांत नळाचे पाणी तेवढ्यानेच सुधारते.

नळाशी

गढूळ पाण्याला तुरटी फिरवणे किंवा निवळीची बी भांड्याच्या आत घासणे हे जुने उपाय शास्त्राला धरून आहेत. गाळ एकमेकांना चिकटून खाली बसतो. पण निवळलेले पाणी निर्जंतुक नसते. ते गाळून उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे थेंब घालावेत. पाण्याला खळखळून उकळी आली की जंतू मेलेले असतात. वीस मिनिटे सरपण जाळण्याची गरज नाही. नंतर ते त्याच भांड्यात झाकून थंड करावे आणि ओगराळ्याने किंवा तोटीने काढावे. माठात तांब्या-पेला बुडवणारा हात सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. क्लोरीनच्या वासाची तक्रार असेल तर पाणी अर्धा-एक तास उघड्या भांड्यावर फडके बांधून ठेवावे.

जड पाण्याचा एक भाग उकळल्याने कमी होतो. भांड्याच्या तळाचा पांढरा थर म्हणजे तोच. लिंबूसत्त्व घालून पाणी तापवले की हा थर सुटतो. धुणे आणि गिझर यांसाठी सॉफ्टनर चांगला. मात्र तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम देतो, म्हणून उच्च रक्तदाब असलेल्या माणसांच्या घरात पिण्याच्या नळाला तो जोडू नये. पाइपाभोवती चुंबक बांधून पाणी मऊ होते, या दाव्यावर पैसे घालवू नयेत. चुंबकाने पाण्यातला जडपणा कमी होत नाही.

आरओ यंत्राचा प्रश्न वेगळा, कारण ते बहुधा तपासणीने नव्हे तर प्रात्यक्षिकाने विकले जाते. विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात विहिरीचे, दुसऱ्यात यंत्रातले. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज देतो. मिनिटभरात विहिरीच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ तरंगू लागतो आणि घरातली बाई घाबरून जाते. तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी विरघळते आणि रंग येतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. या प्रयोगातून पाण्यात क्षार आहेत एवढेच कळते आणि ते जिभेला आधीच माहीत असते. खिशातल्या टीडीएस मीटरचेही तसेच. तो जंतू दाखवत नाही आणि नायट्रेट वेगळे ओळखत नाही.

नायट्रेट ४५ च्या वर असेल किंवा टीडीएस दोन हजारांच्या आसपास जात असेल, तर पिण्यापुरता आरओ योग्यच. नायट्रेट मर्यादेत आहे, टीडीएस सात-आठशे आहे आणि दोष फक्त जंतूंचा आहे, अशा घरात क्लोरीन पुरतो. वीज नियमित असेल आणि पाणी निवळशंख असेल तर अतिनील किरणांचे यंत्रही चालते. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर टाकून देतो. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये या नासाडीमुळेच सुचवले. दुष्काळी तालुक्यात ही नासाडी आणखीच बोचते. टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि शौचालयाला वापरावे. ते विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडले तर काढलेले क्षार पुन्हा त्याच विहिरीत परततात.

आभाळाचे पाणी

यंत्राला जे जमत नाही ते पाऊस फुकट करतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४०,००० लिटर गोड पाणी हाती येते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज ३० लिटर धरले, तर दहा हजार लिटरची बंद टाकी अकरा महिने पुरते. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे आणि पिण्याआधी क्लोरीन द्यावे. डाळ शिजते, चहाला चव येते. टाकी भरल्यावरचे पाणी गाळणीतूनच विहिरीत सोडले तर विहिरीतल्या क्षारांचेही प्रमाण हळूहळू उतरते. अंगणातले किंवा रानातले वाहते पाणी मात्र थेट विहिरीत कधीच वळवू नये.

सारे गाव मिळून हे करते तेव्हा परिणाम मोठा होतो. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त पाळली, त्यामुळे उथळ विहिरींना पाणी टिकले. खोल बोअरचे पाणी खडकात जास्त काळ राहिलेले असते, म्हणून ते बहुधा जास्त क्षारयुक्त निघते आणि कधी त्याला कुजक्या अंड्यासारखा वासही येतो. उथळ विहिरीचे पाणी ताज्या पावसाचे असते. ती विहीर घाणीपासून राखली, तर तिचे पाणी पिण्याला बोअरपेक्षा सरस ठरते.

पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी: एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा सरल्यावर. दिवाळीच्या सुमारास विहिरी भरलेल्या असतात आणि पावसाने जे काही आत आणले ते नमुन्यात उतरते. विहिरीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराने याच दिवसांत दोन बाटल्या प्रयोगशाळेत पोचवाव्यात. घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर अहवालातला नायट्रेटचा आकडा आधी पाहावा, आणि तो ४५ च्या वर निघाला तर बाळासाठी त्या विहिरीचे पाणी त्याच दिवशी थांबवावे.